खारफुटीतला पक्षी आणि खारफुटीसमोरचा पक्षी

दरवर्षी हिवाळ्यात तोच फोटो फिरतो. पुढे रोहितांची, म्हणजे फ्लेमिंगोंची, गुलाबी रांग, मागे हिरवीगार खारफुटी आणि खाली ओळ: ‘खारफुटीच्या जंगलातले पाहुणे’. फोटो खरा, ओळ चुकीची. रोहित खारफुटीत राहत नाही, तो खारफुटीसमोर उभा असतो. मध्ये पन्नास पावलांचं अंतर असेल, पण पक्ष्यांच्या हिशेबात ती दोन वेगळी गावं आहेत.

रोहित तुम्हाला माहीत आहे, त्यामुळे त्याच्यावर फार वेळ घालवत नाही. त्याच्या आपल्याकडे दोन जाती: लहान रोहित चोच उलटी करून निळं-हिरवं शेवाळ गाळून खातो, मोठा रोहित चिखलातले बारीक जीव. पायाच्या बोटांमध्ये पडदा असल्यामुळे फांदी पकडून बसणं त्याला जमत नाही. घरटं घालतो कच्छच्या रणात, चिखलाचा बुटका बुरूज रचून. तिथे तिवराचं पानसुद्धा नाही. मोठा रोहित उजनीच्या पाणलोटात भिगवणलाही येतो, तिथे तर समुद्रच नाही. एवढं कळलं तरी ‘खारफुटीचा पक्षी’ ही पदवी गळून पडायला हवी.

(खारफुटी म्हणायचं, कांदळवन की मॅन्ग्रोव्ह, यावर वाद घालू नका. कांदळ, तिवर, चिपी ही झाडांची नावं आणि बाकीची जंगलाची, एवढं पुरे.)

खरा घोळ पुढे आहे. ‘बरं, रोहित सोडा. पण बगळे, आणि तुतवार, चिखल्या, पाणटिवळे असे चिखलावर चरणारे पक्षी, हे तर खारफुटीचेच ना?’ हा प्रश्न चांगले पक्षिमित्रही विचारतात. याचं उत्तर पक्ष्यांच्या यादीत सापडत नाही, भरती-ओहोटीच्या तक्त्यात सापडतं. पक्षी कुठे दिसला ते विचारू नका, भरती आल्यावर तो कुठे गेला ते विचारा.

ओहोटीला खाडीचा चिखल उघडा पडतो आणि सगळे एकाच पंगतीला बसल्यासारखे दिसतात. मग पाणी चढतं आणि पंगत उठते. पाणटिवळे, टिलवे, चिखल्या थव्याथव्याने उडतात, ते झाडांकडे नाही, तर मिठागरं, उथळ तळी, उघडे बांध यांच्याकडे. ठाणे खाडीचे पक्षी भांडुपच्या उदंचन (पंपिंग) केंद्रामागे किंवा नेरूळ-सीवूड्सच्या तळ्यांवर जातात ते याच वेळी. त्यांना उघडी जागा हवी असते, कारण बहिरी ससाणा किंवा भोवत्या लांबूनच दिसला पाहिजे. झाडांची भिंत तुम्हाआम्हाला आसरा वाटते. तुतवाराला तीच भिंत म्हणजे मागे कोण दबा धरून बसलंय ते न दिसणं.

याउलट बगळे, वंचक, रातबगळे, पाणकावळे झाडांकडे वळतात. यांचं ताट चिखलात, पण बिछाना आणि पाळणा फांदीवर. हा मधला गट आहे आणि सगळा गोंधळ हाच गट घालतो. याला अर्धा खारफुटीचा म्हणायला माझी हरकत नाही.

आणि तिसरे कुठेच जात नाहीत. भरती असो, ओहोटी असो, ते झाडांच्या आतच असतात. खारफुटीतला पक्षी म्हणायचं तर तो यांना. गळ्याला पांढरा पट्टा असलेला निळसर-हिरवा खंड्या घ्या, कॉलर्ड किंगफिशर. गोव्यात रायबंदरहून फेरीबोटीने चोडणला जा, तिथल्या सलीम अली पक्षी अभयारण्यात होडीने आत शिरा. हा बसलेला असतो खाली झुकलेल्या फांदीवर, नजर मुळांमधल्या खेकड्यावर आणि निवट्यांवर (चिखलातले छोटे मासे). पूर्वेला भितरकनिका आणि सुंदरबनात तपकिरी पंखांचा खंड्या आहे. आपल्या नवरंगाचा भाऊबंद मॅन्ग्रोव्ह पिट्टाही तिकडचाच. तो मुळांमधल्या चिखलात चरतो आणि त्याच जंगलात घरटं करतो. त्याला उघड्या चिखलावर नेऊन सोडलं तर तो आल्या पावली परत झाडीत घुसेल.

अशी मंडळी आपल्याकडे मोजकीच, आणि कारण उघड आहे. जमीन दिवसातून दोनदा पाण्याखाली, झाडांच्या जाती थोड्या, पक्ष्यांनी खावीत अशी रसाळ फळं जवळजवळ नाहीत. त्यामुळे खारफुटीत बुलबुल, शिंपी, सूर्यपक्षी, वटवटे दिसतात ते बहुतेक शेजारच्या झाडोऱ्यातून आलेले असतात. खास खारफुटीचे म्हणावेत असे पुष्कळ पक्षी पाहायचे तर उत्तर ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यावर जावं लागतं. तिथे मॅन्ग्रोव्ह रॉबिनसारखे पक्षी सहसा या पट्ट्याबाहेर पडत नाहीत.

अपवादही सांगून टाकतो, नाहीतर कोणीतरी फोटो पाठवेल. व्हिंब्रेल (लांब, वाकड्या चोचीचा किनारी पक्षी) आणि काही तुतवार भरतीला खारफुटीच्या फांद्यांवर, मुळांवर बसतात. बसतात, राहत नाहीत. एसटी स्टँडवर बसलेला माणूस स्टँडचा रहिवासी होत नाही.

हा काथ्याकूट कशाला, असं वाटेल. कारण चूक कागदावर राहत नाही. एका कंपनीच्या लागवडीला मी गेलो होतो. सगळ्यांना रोहितांचं चित्र असलेले टी-शर्ट दिले, आणि मग ‘रोहितांसाठी’ म्हणून रोपं खोचायला लावली ती कुठे, तर झाडीपुढच्या उघड्या चिखलात. ज्या चिखलावर पक्षी चरतात तिथेच. रोपं जगली तर चिखलपट्टी संपते, मरतात तेव्हा निदान पक्षी तरी वाचतात. मी तेव्हा गप्प बसलो, त्याची अजून चुटपुट लागते.

खारफुटीला न्यायालयाचं कवच आहे. मुंबई उच्च न्यायालयाने 2005 मध्ये तोडीला मनाई केली आणि 2018 च्या निकालाने ती पक्की केली. किनारा नियमन अधिसूचनेत जिवंत चिखलपट्टीही सर्वांत कडक वर्गात येते, पण तिच्यासाठी मोर्चा निघाल्याचं मी तरी पाहिलेलं नाही. झाड तोडलेलं दिसतं, चिखल गेलेला दिसत नाही. 2015 मध्ये जाहीर झालेल्या ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्याच्या सुमारे 16.9 चौरस किलोमीटरपैकी जवळपास 9 खारफुटीचे आणि बाकीचे लगतच्या पाण्याचे आहेत. नावातला पक्षी त्या बाकीच्या भागात चरतो. झाडांची गळलेली पानं कुजून चिखलातल्या जिवांना पोसतात, म्हणून एकाला दुसरा लागतोच. पण एकाच्या डोक्यावर दुसरा लावायचा नसतो.

पाहायला जाणाऱ्यांना एवढंच सांगतो: रोहितांसाठी ओहोटीची वेळ धरा. भांगाच्या, म्हणजे अष्टमीच्या आसपासच्या, दिवसांत पाणी फार लांब जात नाही, मग उघडा चिखल कमी मिळतो. भरती चढली की होडीतली माणसं ‘गेले सगळे’ म्हणून कॅमेरे बॅगेत भरतात. मला तीच वेळ आवडते. पाणी खोडांपर्यंत आलेलं असतं, निवट्या मुळांवर चढून बसलेल्या असतात, आणि आत कुठेतरी खंड्या खेकडा फांदीवर आपटत असतो. टक्, टक्, टक्.