बेस वाजवताना हाताकडे बघावं का? एका जुन्या नियमाची पार्श्वभूमी

बेस गिटार शिकायला सुरुवात केली की पहिल्या आठ-दहा दिवसांतच एक वाक्य कानावर पडतं : ‘हाताकडे बघू नकोस.’ सांगणारा चुकीचं सांगत नसतो. पण हे वाक्य ज्या वाद्यापाशी जन्मलं ते आणि आज आपण खांद्याला अडकवतो ते, ही दोन वेगळी वाद्यं आहेत. हा फरक कुणी समजावून सांगत नाही, म्हणून बघणाऱ्या मुलाला आपण कच्चे असल्याचं वाटत राहतं. माझ्या मते हा त्याच्यावर अन्याय आहे. नियम आला कुठून ते आधी पाहू.

तो आला डबल बेसवरून, म्हणजे उभं धरून वाजवायच्या, व्हायोलिनसारख्या पण खूप मोठ्या वाद्यावरून. तिथे बघण्यासारखं फारसं काही नसतंच. वादक वाद्याला टेकून उभा, वाद्याची मान त्याच्या डाव्या कानाजवळून वर गेलेली आणि फिंगरबोर्डचं, म्हणजे जिच्यावर तार दाबतात त्या फळीचं, तोंड श्रोत्यांकडे. काळ्या फळीवर ना पडदे, ना ठिपके. तारेची लांबी साधारण ४२ इंच, त्यामुळे मोकळ्या तारेपासून पहिल्या सेमीटोनपर्यंतच (अर्ध्या स्वरापर्यंतच) सहा सेंटिमीटर जावं लागतं. एवढं अंतर डोळ्यांनी मापत बसलं तर बाकीचा वाद्यवृंद दोन मात्रा पुढे गेलेला असतो. म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात व्हिएन्नाच्या एका शिक्षकाने जी पद्धत लिहून काढली आणि जी आजही जगभर शिकवली जाते, तिने हातालाच मोजपट्टी केलं. पहिलं, दुसरं आणि चौथं बोट स्वतंत्रपणे दाबायचं, तिसऱ्याने चौथ्याला आधार द्यायचा. पहिल्या आणि चौथ्या बोटात बरोबर एक पूर्ण स्वर. हा आकार मोडू न देता अख्खा हात वर-खाली सरकवायचा. अंगठा मानेच्या बुडाशी अडकला की सगळ्यात बारीक तारेवर पहिल्या बोटाखाली कोणता सूर येणार हे ठरलेलं. डोळे मोकळे राहतात ते समोरच्या नोटेशनसाठी आणि कंडक्टरच्या हातासाठी. आपल्याकडे याला ‘हात बसणे’ म्हणतात, आणि त्याहून नेमका शब्द मला दुसऱ्या भाषेत सापडलेला नाही.

म्हणजे ‘बघू नकोस’ ही सुरुवातीला शिस्त नव्हती, निरुपाय होता.

१९३०च्या दशकात सिअॅटलमध्ये एकाने आडवा धरायचा, फ्रेट (मानेवरचे धातूचे पडदे) असलेला इलेक्ट्रिक बेस बनवून विकायचा प्रयत्न केला, पण तो फार पसरला नाही. खरा फरक पडला १९५१मध्ये. कॅलिफोर्नियातल्या एका माजी रेडिओ दुरुस्ती करणाऱ्याच्या कारखान्यातून प्रिसिजन बेस बाहेर पडला : ३४ इंची स्केल (तारेची लांबी), २० फ्रेट, पट्ट्याने अंगावर आडवा. ‘प्रिसिजन’ हे नावच फ्रेटवरून आलेलं. फ्रेटच्या मागे कुठेही दाबलं तरी सूर नेमका लागणार, ही त्याची जाहिरात होती. या वाद्याच्या इतिहासात फ्रेटवर, तारेचं कंपन विजेत पकडणाऱ्या पिकअपवर, आवाज किती मोठा झाला यावर भरपूर लिहिलं गेलंय. कडेच्या ठिपक्यांवर मात्र कुणी फारसं थांबत नाही.

मानेच्या वरच्या कडेला, वादकाच्या छातीकडे वळलेल्या त्या अरुंद पट्टीवर, ३, ५, ७, ९ आणि १२ या फ्रेटपाशी बारीक ठिपके असतात, बाराव्याला दोन. समोरून पाहणाऱ्याला ते दिसत नाहीत, दिसतात फक्त वाजवणाऱ्याला. गिटारवर ही सोय आधीपासून होती, तिथून ती बेसवर आली. त्यांचा दुसरा काही उपयोगच नाही. हे वाद्य वाजवणारा माणूस खाली बघणार आहे, हे बनवणाऱ्याने गृहीत धरलं होतं. आणि बरोबरच होतं ते. इथे पहिला फ्रेट ४८ मिलिमीटर रुंद, बारावा जेमतेम २६. डबल बेसवरही अंतर वर जाताना कमी होतं, पण ते कमी होताना दिसत नाही. इथे दिसतं.

हा नवा बेस दोन प्रकारच्या लोकांनी उचलला. एक, डबल बेस पाठीवर वाहून थकलेले जाझ आणि डान्स बँडवाले. दोन, बँडमध्ये बेसिस्ट नाही म्हणून बेस हातात पडलेले गिटारवादक. पहिल्यांच्या नजरेला खाली जायची सवय नव्हती. दुसऱ्यांची नजर कायम मानेवर. शिकवणारे बहुतेक पहिल्या गटातले, शिकणारे दुसऱ्या गटातले, आणि नियम शिकवणाऱ्यांचा टिकला.

त्याला बळ दिलं कामाच्या जागांनी. डेट्रॉइटच्या तळघरातल्या स्टुडिओत १९६०च्या दशकात ज्याने असंख्य हिट गाण्यांना बेस दिला, तो मुळात डबल बेसवालाच. उजव्या हाताची एकच तर्जनी वापरायचा. अशा रेकॉर्डिंग सेशनला समोर नोटेशनचा कागद असायचा आणि कागदावरून नजर हटली की ओळ हरवायची. आपल्या मुंबईतही तेच चित्र. ताडदेव-महालक्ष्मीच्या स्टुडिओंमध्ये पन्नास-साठ वादक एकदम बसायचे, टेक एकाच दमात व्हायचा, एकाचं चुकलं की सगळ्यांनी पहिल्यापासून. बेसला गोव्याची माणसं मोठ्या संख्येने होती, कारण चर्चला जोडलेल्या शाळांत लहानपणीच नोटेशन वाचायला शिकलेली माणसं तिथेच मिळत. हॉटेलांच्या जाझ बँडमधून ती सिनेमात आली, आधी डबल बेस घेऊन, मग इलेक्ट्रिक. त्यांची नजर स्टँडवर आणि वाद्यमेळ बसवणाऱ्या अरेंजरच्या हातावर. हाताकडे बघायला सवडच नव्हती.

दुसरी जागा म्हणजे माईक. गाताना तोंड माईकपासून हलवता येत नाही. लिव्हरपूलच्या चौकडीतला, म्हणजे बीटल्समधला, डावखुरा बेसिस्ट ३० इंची छोट्या स्केलचा व्हायोलिनच्या आकाराचा बेस वाजवत गायचा, तेव्हा नजर समोरच ठेवावी लागे. छोट्या स्केलवर फ्रेट जवळजवळ असल्याने हाताला कमी पळावं लागतं, हाही त्यातला एक भाग. त्याच्या पुढच्या पिढीत कॅनडाच्या तिघांच्या बँडमधला बेसिस्ट गाता गाता पायाने सिंथचे (इलेक्ट्रॉनिक सिंथेसायझरचे) पेडलही दाबायचा. त्याने कुठे कुठे बघायचं?

आता ज्या मुद्द्यावर वाद खऱ्या अर्थाने पेटला तिकडे येतो : फ्रेटलेस म्हणजे बिनफ्रेटचा बेस, आणि त्यावरच्या रेषा.

कारखान्यात तयार झालेला फ्रेटलेस इलेक्ट्रिक बेस १९६६मध्ये आला. प्रिसिजन बेस बनवणाऱ्या कंपनीने १९७०मध्ये आपला काढला. पण लोकांचे कान टवकारले ते १९७६मध्ये, फ्लोरिडातल्या एका चोवीस वर्षांच्या बेसिस्टच्या पहिल्या अल्बमनंतर. त्याचा बेस होता त्याच कंपनीचं ‘जाझ बेस’ हे १९६२चं मॉडेल, फ्रेट उपटून काढलेला. उपटल्यावर मानेत ज्या खाचा राहिल्या त्या लाकडी पुट्टीने भरल्या आणि वरून होडीला लावतात तसला इपॉक्सीचा कडक लेप चढवला. भरलेल्या खाचांच्या रेषा तशाच दिसत राहिल्या. नजरेला आधार हवा म्हणून त्या कुणी आखलेल्या नव्हत्या, शस्त्रक्रियेनंतर उरलेल्या टाक्यांसारख्या त्या उरल्या होत्या. त्याच्यामागून आलेल्यांना मात्र तसाच बेस हवा होता. मग कारखाने नव्या मानेवर मुद्दाम रेषा घालू लागले.

तिथून दोन तट पडले. एक म्हणतो, रेषा असलेला फ्रेटलेस म्हणजे कुबड्या घेऊन धावणं. दुसरा म्हणतो, ३४ इंची मानेवर अंधारात चाचपडण्यात कसली मर्दुमकी? मी दुसऱ्या बाजूचा आहे, पण पहिल्या बाजूकडे एक भक्कम मुद्दा आहे तो मान्य करायलाच हवा. रेषा डोळ्यांना खोटं सांगते. उजव्या हाताने वाजवणाऱ्याचा डोळा वर आणि उजवीकडे असतो, बोट खाली आणि डावीकडे. तार फळीपासून दोन-तीन मिलिमीटर उंच. अशा तिरक्या कोनातून बोट रेषेवर आलंय असं दिसतं तेव्हा ते बहुतेक वेळा थोडं अलीकडे किंवा पलीकडे असतं, आणि एकदा दाबलं की रेषा बोटाखालीच झाकली जाते. शेवटचा तो मिलिमीटर कानानेच सुधारायचा असतो. नुसत्या रेषेवर विसंबलेला माणूस दर स्वराला किंचित बेसूर ऐकू येतो, आणि त्याला वाटत असतं आपण अगदी बरोबर आहोत.

पण याहून मोठा घोळ रेषांचा नाही, कडेच्या ठिपक्यांचा आहे. फ्रेट असलेल्या बेसवर ठिपका दोन फ्रेटच्या मधोमध असतो. आपण त्याच्या आसपास दाबतो, सूर पुढच्या फ्रेटवर तयार होतो. फ्रेटलेसवर सूर फ्रेटच्या जागीच दाबावा लागतो. मग ठिपका कुठे द्यायचा? काही बनवणाऱ्यांनी तो मधोमधच ठेवला, जुनी सवय मोडू नये म्हणून. काहींनी तो बरोबर सुराच्या जागी आणून ठेवला. दोन्ही प्रकार आजही बाजारात आहेत आणि रेषा नसलेला बेस हातात घेतल्यावर नुसतं बघून कोणता ते सांगता येत नाही.

माझ्या हातात आलेला पहिला फ्रेटलेस सेकंडहँड होता, रेषा नसलेला. मी सातव्या ठिपक्यावर बोट ठेवून ए तारेवरचा ई हा सूर वाजवला. बाजूला कीबोर्डवर मित्राने तोच ई धरला होता. दोन सुरांच्या मध्ये असं काही थरथरायला लागलं की त्याने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. सातव्या फ्रेटची जागा साधारण ३४ मिलिमीटर रुंद, ठिपका मधोमध, म्हणजे मी सतरा मिलिमीटर मागे होतो. जवळजवळ पाव स्वर उतरलेला. मी बोट पुढे सरकवत नेलं आणि ते थरथरणं संथ होत होत थांबलं, तेव्हा बोट ठिपक्याच्या कितीतरी पुढे गेलं होतं. त्या दिवशी मी पांढऱ्या टेपचे बारीक तुकडे कापून ३, ५, ७, ९, १२च्या खऱ्या जागी कडेला चिकटवले. ते आजही तिथेच आहेत.

यावर कुणी सरोदचं उदाहरण देईल. तिथे तर धातूच्या गुळगुळीत पत्र्यावर एकही खूण नाही आणि मोठमोठे वादक डोळे मिटून मींड घेतात. बरोबर आहे, पण सरोदियाच्या मागे षड्ज-पंचमाचा भरणा सतत चालू असतो, सूर हलला तर लगेच कळतो. बेसिस्टच्या मागे ड्रमचा गडगडाट असतो. त्याच्याच सुरावर बाकीचे टेकलेले असतात. त्याला टेकायला कोणी नसतं.

वाद्य पुढे बदलत गेलं तसा नजरेचा प्रश्नही बदलला. साठच्या दशकाच्या अखेरीस कॅलिफोर्नियात स्लॅप, म्हणजे अंगठ्याने तार ठोकून वाजवणं, आलं आणि बरेच जण प्रथमच उजव्या हाताकडे बघू लागले, कारण अंगठा कुठल्या तारेवर आदळतोय हे पाहावं लागतं. १९७५मध्ये न्यूयॉर्कच्या एका सेशन बेसिस्टने सहा तारांचा बेस बनवून घेतला. पाच-सहा तारांच्या रुंद मानेवर बोटाला आता आडवंही भटकायला जागा झाली. चार तारांवर सगळ्यात वरची जाड तार म्हणजे ई, हे हाताला पाठ झालेलं असतं. पाचव्या तारेने ती खूण एक घर खाली ढकलली. नव्याने पाच तारी घेतलेल्याला पहिले काही महिने खाली बघावंच लागतं. त्यात लाज कसली?

शरीराची बाजू मात्र गंभीर आहे आणि नियमाच्या बाजूने जाते. कडेचे ठिपके पुरेनासे झाले की शिकाऊ माणूस फळीचं तोंड पाहायला बेस स्वतःकडे कलता करतो. मान वाकते, खांदा वर चढतो, डावं मनगट काटकोनात मुडपतं. तासाभराने बोटांना मुंग्या यायला लागतात. शिक्षक ‘बघू नकोस’ म्हणतात तेव्हा पुष्कळदा त्यांना ‘वाकू नकोस’ म्हणायचं असतं. डोळे फक्त कडेवर टाकले तर वाद्य हलवावं लागत नाही. मुरलेले बेसिस्ट नीट न्याहाळले तर तेही बघतात. पण वाजत असलेल्या बोटाकडे बघत नाहीत. पहिल्या फ्रेटवरून बाराव्यावर जायचं असेल तर उडी मारायच्या आधी अर्ध्या मात्रेसाठी नजर बाराव्यावर जाते, आणि हात तिथे पोचेपर्यंत ती परत ड्रमरच्या पायावर आलेली असते.

गेल्या दहा-पंधरा वर्षांत मोबाईलने तराजू पुन्हा दुसरीकडे झुकवला. व्हिडिओत कॅमेरा हातांवरच रोखलेला, वाजवणाराही हातांकडेच बघणारा, आणि पाहणारा तेच शिकतो. टॅबमध्ये, म्हणजे आकड्यांच्या नोटेशनमध्ये, तर सूर नसतोच, फ्रेटचा आकडा असतो. पाचवा, सातवा, पाचवा. आकडा वाचून तो मानेवर शोधायचा तर खाली बघणं ओघानंच आलं. २०२०च्या लॉकडाऊनमध्ये शिकलेल्या पोरांना घरी याची अडचण कधी भासली नाही. अडचण आली ती गणपतीतल्या किंवा कॉलेजातल्या पहिल्या कार्यक्रमाला, धूर सोडला, दिवे मालवले आणि निळा एलईडी लागला तेव्हा. मेपलच्या फिकट लाकडी मानेवरचे काळे ठिपके त्या उजेडात उरतच नाहीत.

बनवणाऱ्यांकडे त्यावर उत्तर आहे. उजेड शोषून अंधारात हिरवट चमकणारे कडेचे ठिपके आता नव्या बेसवर मिळतात आणि जुन्यावर बसवूनही देतात. विंगेत उभं असताना मोबाईलचा टॉर्च त्यांच्यावर थोडा वेळ धरायचा आणि मग स्टेजवर जायचं.