बाजरीचं पीठ कडू झालं म्हणजे भेसळ?

दिवाळीनंतर थंडी पडू लागली की खान्देशात भरितासोबत बाजरीची भाकरी सुरू होते, आणि मोबाईलवर दरवर्षीचा तोच संदेश फिरतो: 'पीठ कडू लागलं तर बाजरीत भेसळ आहे.' कडवटपणा खरा असतो, पण कारण बहुतेक वेळा वेगळं असतं.

बाजरीत सुमारे 5 टक्के तेल असतं, ज्वारी-गव्हापेक्षा बरंच जास्त. दाणा अख्खा असेपर्यंत ते आत सुरक्षित राहतं. दळताच दाण्यातलीच विकरं (एन्झाइम) त्या तेलावर काम करू लागतात, हवाही लागते, आणि पीठ खवट होतं. म्हणून बाजरी महिनोन् महिने टिकते, पीठ मात्र आठ-दहा दिवसांतच चव सोडतं. चक्कीतून आलेलं गरम पीठ लगेच डब्यात कोंबलं, तर त्याहूनही लवकर.

तपासणी सोपी आहे. त्याच पोत्यातली मूठभर बाजरी निवडून मिक्सरमध्ये दळा, लहानशी भाकरी थापा आणि जुन्या पिठाच्या भाकरीशेजारी ठेवून चाखा. ताजी गोडसर लागली, तर दाणा चांगला आहे, पीठ शिळं आहे. ताजीही कडू किंवा कुबट लागली, तर दोष दाण्यातच. ती बाजरी खाऊ नका.

आठवड्यापुरतंच दळा. उरलंच तर पूर्ण गार करून हवाबंद डब्यात, फ्रिजमध्ये ठेवा.