ॲप अडकलं तर बंद करण्याआधी एवढं करा
(आडत दुकानं, दालमिल आणि जिनिंगच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

दिवाळीच्या आसपास मोंढ्यात सोयाबीनची आवक वाढली की आमच्याकडचे फोनही वाढतात. "सॉफ्टवेअर अडकलंय" एवढंच समोरून कळतं आणि आम्ही काही विचारेपर्यंत मुनीमजींनी कॉम्प्युटर बंद करून पुन्हा चालू केलेला असतो. ॲप पळायला लागतं, पण ते का अडकलं होतं हे सांगणारं सगळं त्या रीस्टार्टमध्ये पुसलं जातं. दुसऱ्या दिवशी पट्ट्या (शेतकऱ्याच्या मालाच्या हिशोबाच्या पावत्या) काढायच्या ऐन वेळी पुन्हा तेच. म्हणून हे पत्रक. दुकानात कॉम्प्युटर जो बघतो, त्याच्या हातात द्या.

तुमच्याकडचं नवं ॲप नेटिव्ह आहे. डॉटनेटमध्ये (मायक्रोसॉफ्टची ॲप बनवायची प्रणाली) लिहिलेला कोड आम्ही आमच्याकडेच मशीनच्या भाषेत उतरवतो आणि तयार एक्सई (थेट चालणारी फाइल) देतो. ॲपसाठी वेगळं डॉटनेट टाकावं लागत नाही आणि लाईट येऊन-जाऊन कॉम्प्युटर दिवसातून कितीही वेळा चालू झाला तरी ॲप पटकन उघडतं. जुन्या मशीनवर हा फरक लगेच जाणवतो.

याची किंमत अशी, की अशा ॲपच्या आत डोकावणारी काही टूल्स चालत नाहीत. डॉटनेट ७ मध्ये (नोव्हेंबर २०२२) नेटिव्हची सोय आली, पण बाहेरून पाहणी करायची सोय डॉटनेट ८ पासून (नोव्हेंबर २०२३) मिळाली. तीही आपोआप नाही. ॲप तयार करतानाच इव्हेंटसोर्स-सपोर्ट नावाची सेटिंग चालू करावी लागते. आम्ही ती चालू ठेवतो. एक्सई थोडी मोठी होते, होऊ द्या.

आता प्रत्यक्ष काम. ॲपच्या फोल्डरमध्ये 'पाहणी' नावाचं फोल्डर आहे, त्यात 'बघा' आणि 'नोंद' अशा दोन फाइल. कमांड टाइप करायची गरज नाही, ती या फाइलींत लिहिलेली आहे. 'बघा'वर डबल क्लिक केलं की काळी स्क्रीन उघडते आणि डॉटनेट-काउंटर्स हे टूल दर सेकंदाला आकडे दाखवू लागतं. बंद करायला कीबोर्डवरचं Q (क्यू) हे अक्षर दाबा. ॲप तसंच चालू राहतं, पट्टीचं काम थांबवायचं कारण नाही.

स्क्रीनवर आकडे बरेच असतात, सगळ्यांकडे लक्ष देऊ नका. सीपीयू (प्रोसेसर किती कामात आहे), वर्किंग सेट (ॲपने धरलेली मेमरी), जीसी हीप (त्यातला ॲपच्या स्वतःच्या माहितीचा भाग) आणि थ्रेडपूल क्यू एवढे चार पुरेत. हा क्यू म्हणजे रांगेत थांबलेली कामं. एरवी हा आकडा शून्याजवळ असतो. रांग वाढतेय आणि सीपीयू मात्र निवांत आहे, तर ॲप कशाची तरी वाट बघत बसलंय. बहुतेक वेळा प्रिंटर, डेटाबेस किंवा भुईकाटा. एका जिनिंगमध्ये कापसाच्या गाड्या काट्यावर उभ्या आणि स्क्रीनवर सीपीयू जवळपास शून्य, रांग मात्र चढती. काट्याकडून येणारी केबल सैल निघाली. रांग आणि सीपीयू दोन्ही वर असतील, तर दोष आमच्या कोडमध्ये असण्याची शक्यता जास्त. दुपारी गर्दी ओसरल्यावरही हीप खाली येत नसेल, तर ॲप बहुधा जुनी माहिती सोडत नाहीये. हीप स्थिर आणि वर्किंग सेट तेवढा वाढतोय, तर आम्ही आधी प्रिंटर किंवा काट्याच्या ड्रायव्हरकडे (ते यंत्र कॉम्प्युटरला जोडणारं सॉफ्टवेअर) बघतो.

जिट केलेल्या मेथडींसमोर (चालता-चालता मशीनच्या भाषेत उतरवलेले कोडचे तुकडे) शून्य दिसेल. घाबरू नका, नेटिव्ह ॲपमध्ये चालता-चालता कोड तयार करण्याचा भागच नसतो.

आम्हाला खरी हवी असते ती 'नोंद'. ॲप अडकलेलं असतानाच ती चालू करा, पाच मिनिटं राहू द्या, क्यू दाबा. सीएसव्ही फाइल (आकड्यांचा साधा तक्ता) तयार होते. तिच्यात वेळ, काउंटरचं नाव आणि आकडा एवढंच असतं. शेतकऱ्याचं नाव नाही, रक्कम नाही, त्यामुळे व्हॉट्सॲपवर बिनधास्त पाठवा.

टूल जोडलं जात नसेल, तर ज्या विंडोज लॉगिनने ॲप चालू आहे त्याच लॉगिनने 'बघा' उघडा. ॲप चुकून दोनदा उघडलं असेल, तर टूलला कुठलं धरायचं ते कळत नाही. टास्क मॅनेजरच्या डिटेल्स टॅबमधून दोन्हींचे पीआयडी (चालू ॲपला विंडोजने दिलेला क्रमांक) आम्हाला फोनवर सांगा.

डॉटनेट-जीसीडंप आणि डॉटनेट-डंप या मेमरी तपासायच्या टूल्सचे व्हिडिओ सगळीकडे सापडतात. ती नेटिव्ह ॲपवर कामाची नाहीत, त्यात वेळ घालवू नका. ॲप पूर्ण गोठलं असेल, तर टास्क मॅनेजरमध्ये त्याच्यावर राइट क्लिक करून डंप फाइल (ॲपच्या मेमरीची प्रत) बनवा आणि मगच बंद करा. ही फाइल मात्र व्हॉट्सॲपवर टाकायची नाही. त्या क्षणी मेमरीत जे होतं ते सगळं तिच्यात उतरतं, शेतकऱ्यांचे बँक खाते क्रमांकसुद्धा. पेन ड्राइव्हवर घ्या, आमचा माणूस येऊन नेईल. सोबत ॲपच्या खालच्या कोपऱ्यातला व्हर्जन नंबर लिहून ठेवा. प्रत्येक व्हर्जनची सिम्बॉल फाइल (डंपमधलं काय कोडच्या कुठल्या भागाचं, हे सांगणारी) आमच्याकडे वेगळी असते आणि ती जुळली नाही तर डंप उघडूनही काही वाचता येत नाही.