मॉरिशस : लोकसंख्या आणि वांशिक रचना

हिंदी महासागरातील मॉरिशस या द्वीपराष्ट्राची लोकसंख्या सुमारे 12.5 लाख आहे. मुख्य बेट आणि रॉड्रिग्ज हे छोटे बेट मिळून जेमतेम 2,000 चौ. किमी. भूमी असल्याने दर चौ. किमी.ला 600 हून अधिक माणसे राहतात. आफ्रिकेतील सर्वांत दाट वस्तीच्या देशांत त्याची गणना होते. या देशाला मूळ रहिवासी नाहीत. आज तिथे राहणाऱ्या प्रत्येकाचे पूर्वज केव्हातरी जहाजातून उतरलेले आहेत, आणि ते कोणत्या बंदरातून व कोणत्या अवस्थेत आले, यावरूनच पुढे तिथले समाज घडले.

डच 1598 मध्ये आले आणि 1710 मध्ये बेट सोडून गेले. कायमची वस्ती केली ती 1715 मध्ये बेट ताब्यात घेणाऱ्या फ्रेंचांनी. उसाच्या मळ्यांसाठी त्यांनी मादागास्कर आणि मोझांबिककडून गुलाम आणले. मालकाची फ्रेंच आणि गुलामांच्या बोली यांच्या घुसळणीतून क्रिओल भाषा जन्मली. 1810 मध्ये ब्रिटिशांनी बेट जिंकले. पण फ्रेंच जमीनदार, त्यांचे कायदे आणि भाषा टिकून राहिली. 1 फेब्रुवारी 1835 रोजी गुलामगिरी संपली. मुक्त झालेल्यांपैकी अनेकांनी मळ्यांकडे पाठ फिरवली. मळेवाल्यांनी त्याच्या आधीच हिंदुस्थानाकडे मोर्चा वळवला होता.

कलकत्त्याहून निघालेले ‘अ‍ॅटलस’ जहाज 2 नोव्हेंबर 1834 रोजी 36 मजूर घेऊन राजधानी पोर्ट लुईला लागले. तिथून विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत साडेचार लाखांच्या आसपास गिरमिटिये, म्हणजे करारबद्ध मजूर, आले. बहुसंख्य भोजपुरी मुलखातले, मद्रासमार्गे तमिळ व तेलुगू, आणि मुंबईमार्गे रत्नागिरी व आसपासच्या भागातले मराठी. पोर्ट लुईच्या ज्या धक्क्यावर त्यांची नोंद होई, तो आप्रवासी घाट 2006 पासून जागतिक वारसास्थळ आहे. नोंदवहीत प्रत्येकाला एक क्रमांक मिळे. कारकुनाने ऐकून लिहिलेले नाव पुढच्या पिढ्यांचे आडनाव झाले. तिथल्या पंतप्रधानांची ‘रामगुलाम’ आणि ‘जगन्नाथ’ ही आडनावे मुळात अशी माणसांची नावेच आहेत. ज्यांनी घर, जात, गाव सगळे मागे टाकले, त्यांना एका जहाजातून आलेला माणूस भावासारखा वाटे. त्याला ते ‘जहाजी भाई’ म्हणत. 1861 पर्यंत बेटावरच्या दर तीन माणसांत जवळजवळ दोन भारतीय होते.

मराठी समाज संख्येने लहान असला, तरी उठून दिसतो. गणेशचतुर्थीला देशभर सार्वजनिक सुट्टी असते, मूर्ती समुद्रात किंवा नदीत विसर्जित होतात, आणि कोकणातली जाखडी तिथे ‘झाकरी’ या नावाने नाचली जाते. घरात मात्र बहुतेकांची बोली क्रिओल झाली आहे. मराठी शाळेतून, मंडळांतून आणि आरतीतून टिकवावी लागते. भोजपुरीचीही तीच गत. 2011 च्या जनगणनेत पाचांतल्या चाराहून अधिक लोकांनी घरची भाषा क्रिओल सांगितली.

मुस्लिमांपैकी बहुतेक बिहारकडच्या मजुरांचे वंशज. कच्छ आणि सुरतेहून आलेले व्यापारी संख्येने थोडे, पण धनवान. चिनी वंशाचे लोक मुख्यतः दक्षिण चीनमधल्या हक्का व कँटोनी गटांतले. गावोगावी त्यांचे वाण्याचे दुकान असे, आणि ऊसकामगाराचा महिना त्यांच्या उधारीच्या वहीवर निघे. फ्रेंच वंशाचे गोरे दोनएक टक्के. साखरेचे कारखाने व बँका यांवर त्यांची पकड जुनी आहे.

राज्यघटना मात्र चारच समाज मानते : हिंदू, मुस्लिम, चिनी-मॉरिशियन आणि ‘सर्वसाधारण लोकसंख्या’. राहणीवरून पहिल्या तिन्हींत न बसणारा तो चौथ्यात, अशी ही व्याख्या. त्यामुळे गुलामांचे वंशज क्रिओल आणि त्यांच्या पूर्वजांच्या मालकांचे वंशज एकाच रकान्यात आहेत. क्रिओल समाजाची स्वतंत्र मोजणीच होत नाही, आणि हा त्यांच्यावरचा अन्याय आहे. 1972 च्या जनगणनेत हिंदू सुमारे 52, सर्वसाधारण 29, मुस्लिम 16 आणि चिनी 3 टक्के होते. 1982 मध्ये समाजाचा प्रश्नच वगळला गेला. धर्म तेवढा विचारतात. 2011 मध्ये हिंदू 48.5, ख्रिस्ती 32.7 व मुस्लिम 17.3 टक्के होते. तरीही निवडणुकीत कमी प्रतिनिधित्व मिळालेल्या समाजांना अधिकच्या जास्तीत जास्त 8 जागा वाटताना आधार धरतात तो 1972 च्याच आकड्यांचा.

दुसऱ्या महायुद्धानंतर हिवताप आटोक्यात आला आणि लोकसंख्या झपाट्याने वाढू लागली. कॅथलिक संस्थांसह अनेकांनी कुटुंबनियोजन उचलून धरले. 1970 नंतर कापड कारखान्यांत स्त्रियांना काम मिळाले. साठच्या दशकाच्या आरंभी स्त्रीमागे सरासरी 6 मुले होती, आता दीडहून कमी आहेत. 2011 ते 2022 या दोन जनगणनांत एकूण संख्या जवळपास होती तिथेच राहिली. बहुतांशी क्रिओल-कॅथलिक असलेले रॉड्रिग्ज 2002 पासून स्वायत्त असून तिथे चाळीस हजारांहून थोडे अधिक लोक राहतात.