वीज गेली तरी कीर्द शाबूत

आमच्या नागपूरच्या मानेवाड्यातल्या घराशेजारी राहणारा, बारावीत शिकणारा एक मुलगा मे महिन्यातल्या एका रात्री घाबऱ्याघाबऱ्या आला. दुपारी, घरोघरचे कूलर आणि एसी एकदम चालू असताना, वीज दोनदा गेली होती आणि त्याचा संगणक चालू स्थितीतच बंद पडला होता. रात्री सुरू केल्यावर उबुंटूच्या (विंडोजप्रमाणे संगणक चालवणाऱ्या लिनक्स या प्रणालीचा एक प्रकार) काळ्या पडद्यावर एरवी न दिसणाऱ्या ओळी सरकू लागल्या: ‘रिकव्हरिंग जर्नल’, ‘क्लिअरिंग ऑर्फन्ड आयनोड’ आणि त्यापुढे एक लांब आकडा. त्याने दुरुस्तीच्या एका दुकानात फोन केला होता. “काका, दुकानवाला म्हणते डिस्क गेली, फॉरमॅट मारावं लागन,” असे तो म्हणाला, तेव्हा त्याचा आवाज रडवेला झाला होता, कारण प्रकल्पाचे सगळे काम त्याच डिस्कवर होते. त्या ओळींचा खरा अर्थ जवळजवळ उलटा होता, आणि तो नीट सांगावा म्हणून हा लेख.

एखादी फाइल साठवणे ही आपल्याला एक कृती वाटते, पण डिस्कवर ती किमान तीन ठिकाणी लिहावी लागते. कोणते ब्लॉक, म्हणजे डिस्कवरच्या जागेचे ठरावीक मापाचे तुकडे, आता वापरात आले याची नोंद एका नकाशात होते. फाइलचा आकार आणि तिचे ब्लॉक कुठे आहेत हे आयनोड नावाच्या छोट्या नोंदीत जाते. आणि फाइलचे नाव फोल्डरच्या यादीत चढते. पहिली नोंद झाली आणि दुसरीच्या आधी वीज गेली, तर काही ब्लॉक ‘वापरात’ दिसतात पण त्यांना मालक नसतो. याहून वाईट म्हणजे एकाच ब्लॉकवर दोन फाइली हक्क सांगू शकतात. पूर्वी अशा वेळी संपूर्ण डिस्क तपासावी लागे आणि मोठ्या डिस्कवर त्यात तासन्‌तास जात.

यावरचा उपाय आपल्याकडच्या व्यापाऱ्यांना संगणकाच्या कितीतरी आधीपासून ठाऊक होता. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला कीर्द आणि खतावणी यांतला फरक अकरावीतच शिकवतात: व्यवहार आधी घडला त्या क्रमाने कीर्दीत उतरवायचा आणि मग सवडीने खतावणीतल्या योग्य खात्यावर न्यायचा. डिस्कवरचे ‘जर्नल’ ही अक्षरशः कीर्दच आहे. लिनक्समध्ये ती ईएक्सटी-३ या फाइल-प्रणालीने, म्हणजे डिस्कवर फाइली मांडण्याच्या पद्धतीने, आणली. स्टीफन ट्वीडी यांनी उभारलेली ही प्रणाली नोव्हेंबर २००१ मध्ये कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, २.४.१५ या आवृत्तीत दाखल झाली, आणि आज घरगुती लिनक्सवर बहुधा आढळणारी ईएक्सटी-४ त्याच पायावर उभी आहे.

बदलायचे ब्लॉक प्रथम कीर्दीत उतरवले जातात. सुरुवातीला ‘यापुढचे ब्लॉक मूळचे अमुक जागचे आहेत’ अशी नोंद, मग त्या ब्लॉकच्या प्रती, आणि शेवटी ‘व्यवहार पूर्ण’ असे सांगणारा कमिट ब्लॉक. हा शेवटचा ब्लॉक सुखरूप लिहिला गेला, तरच ते बदल मूळ जागी नेले जातात. मध्येच वीज गेली आणि कमिट ब्लॉक नसेल, तर तो अर्धवट व्यवहार झालाच नाही असे मानून सोडून देतात. असेल, तर तो कीर्दीवरून पुन्हा उतरवतात. ‘रिकव्हरिंग जर्नल’ म्हणजे एवढेच.

मला यातली सर्वांत देखणी गोष्ट वाटते ती अशी, की या कीर्दीत ‘दहा रुपये मिळवा’ असे लिहिलेले नसते. ‘शिल्लक ३४० रुपये’ असे लिहिलेले असते. ‘दहा मिळवा’ ही सूचना चुकून दोनदा पाळली तर हिशेब बिघडतो, पण ‘शिल्लक ३४०’ हे दहादा लिहिले तरी ३४०च राहते. म्हणून दुरुस्ती चालू असतानाच वीज पुन्हा गेली, तरी पुढच्या वेळी तीच दुरुस्ती पहिल्यापासून निर्धास्तपणे करता येते. कीर्द यासाठी तीनदा वाचली जाते: पहिल्या फेरीत ती कुठवर पूर्ण आहे ते पाहतात, दुसऱ्या फेरीत रद्द नोंदी (कोणत्या जुन्या प्रती आता उतरवायच्या नाहीत हे सांगणाऱ्या) गोळा करतात, तिसऱ्या फेरीत उरलेल्या नोंदी उतरवतात. रद्द नोंदींची गरज अशी, की काल फोल्डरची यादी असलेला ब्लॉक मोकळा होऊन आज त्यात एखाद्या छायाचित्राचा भाग आलेला असू शकतो, आणि कीर्दीतली कालची प्रत तिथे उतरवली तर छायाचित्र नासेल.

‘ऑर्फन्ड आयनोड’ म्हणजे पुसलेली, पण एखाद्या प्रोग्रॅमने अजून उघडी ठेवलेली फाइल. ब्राउझर अशा तात्पुरत्या फाइली वापरतो. प्रोग्रॅम बंद होताच त्यांची जागा मोकळी व्हायची असते. ते राहून गेले होते, म्हणून सुरू होताना केले गेले.

मात्र या कीर्दीत नेहमीच्या रचनेत फक्त फाइलींविषयीच्या नोंदी असतात, फाइलींतला मजकूर नसतो. त्यामुळे वीज जाण्याआधीच्या साधारण अर्ध्या मिनिटात लिहिलेला मजकूर जाऊ शकतो. खरी काळजी करावी ती ‘आय-ओ एरर’, म्हणजे डिस्कवर वाचता-लिहिता आले नाही, ही ओळ सेक्टरच्या (डिस्कवरच्या छोट्या कप्प्याच्या) क्रमांकासह पुन्हापुन्हा येऊ लागली तर. तेव्हा आधी फाइलींची प्रत दुसऱ्या डिस्कवर घ्यावी आणि मगच दुरुस्तीला हात लावावा. यंत्राला नजर लागली म्हणून मॉनिटरवर लिंबू-मिरची टांगणारे आणि प्रत्येक अनोळखी ओळीला ‘व्हायरस’ म्हणणारे, दोघेही पडद्यावर लिहिलेले वाचत नाहीत, आणि त्याची किंमत मुलांच्या कामाला मोजावी लागते.

त्या रात्री आणखी एक ओळ होती: लिनक्सने डिस्क शेवटची जोडल्याची, म्हणजे वापरायला घेतल्याची, वेळ ‘भविष्यातली’ आहे, फरक एका दिवसाहून कमी. त्याच्या त्याच संगणकावर विंडोजही आहे. विंडोज मदरबोर्डवरच्या घड्याळात भारतीय वेळ ठेवते, लिनक्स त्याच घड्याळाला जागतिक वेळ समजते आणि इंटरनेट मिळताच ते साडेपाच तास मागे नेते. म्हणून पुढच्या वेळी सुरू होताना डिस्कवरची आधीची नोंद पुढच्या काळातली ठरते. ठरावीक दिवसांनी डिस्क तपासण्याची सोय चालू असल्यामुळे ती ओळ दिसली. विंडोजलाही जागतिक वेळ पाळायला लावणारी नोंद आम्ही रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंगांच्या वहीत, केली, घड्याळ जुळवले आणि संगणक दोनदा बंद-चालू केला. दुसऱ्या वेळी पडद्यावर ‘क्लीन’ हा शब्द आणि त्यापुढे फाइलींचा व ब्लॉकांचा आकडा, एवढीच एक ओळ आली.