बारीक निसणा झिजायलाच हवा

लासलगावचा कांदा चिरताना डोळ्यांना धारा लागल्या की आपण कांद्याला दोष देतो. प्रत्यक्षात बोथट सुरी कांद्याच्या पेशी कापण्याऐवजी चेंगरते, रस जास्त उडतो आणि जास्त झोंबतो. सुरी धारदार हवी, हे सगळ्यांना मान्य असते. पण निसण्याचा, म्हणजे धार लावायच्या दगडाचा, नंबर जितका मोठा, म्हणजे दगडातले कण जितके बारीक, तितकी धार चांगली, हा समज काही सुटत नाही.

मुळात नंबराचे माप सगळीकडे एक नाही. जपानी १००० नंबरचा कण साधारण ११.५ मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) असतो. हार्डवेअरच्या दुकानातल्या पी-१००० पॉलिश पेपरचा १८ चा, तर युरोपी एफ-१००० चा अवघा साडेचारचा! घरच्या सुरीला जपानी १००० आणि त्यानंतर ३००० (४ मायक्रॉन) पुरे. ८००० वर घासलेली धार आरशासारखी चमकते, पण टोमॅटोच्या सालीवरून घसरते. सालीत शिरायला धारेवर सूक्ष्म दाते लागतात. व्हिडिओतल्या दहा-वीस हजारी दगडांच्या मागे लागू नका.

पारखायचा तो बंध. दगडात कठीण कण असतात, बहुधा ॲल्युमिनियम ऑक्साइडचे, म्हणजे माणिक ज्या पदार्थाचे असते त्याचेच. आणि त्यांना धरून ठेवणारा बंध असतो. कण पोलाद खरवडतो आणि हळूहळू त्याचे कोपरे गोल होतात. गोल कण कापत नाही, नुसता घासतो, त्यामुळे त्याच्यावरचा ताण वाढतो. बंध पुरेसा मऊ असेल तर त्याच ताणाने कण निखळतो आणि खालचा ताजा, टोकदार कण उघडा पडतो. निखळलेल्या कणांचा राखाडी चिखल पृष्ठभागावर काम करत राहतो. तो सारखा धुऊन टाकू नका. बंध फार कठीण असेल तर बोथट कण जागेवरच बसून राहतात, दगडाला चकाकी येते आणि सुरी निसटते. बारीक दगडात कणांमधल्या फटीही मायक्रॉनभराच्या. पोलादाचा चुरा त्यांत अडकून काळे पट्टे उठतात. मग माणूस जोर वाढवतो आणि चुरा आणखी घट्ट बसतो. अशा वेळी जोर कमी करावा आणि पाणी टाकून हिऱ्याचे कण बसवलेली पट्टी दगडावर दहा-पंधरा वेळा फिरवावी. दगडाचे तोंड पुन्हा उघडते.

पांडवलेणी ज्या बेसाल्टात कोरली, त्याच दगडाच्या पाट्यावर विळी घासली तर कामापुरती धार येते. पण बेसाल्टातली खनिजे लहानमोठी आणि जेमतेम पोलादाइतकी कठीण, म्हणून ओरखडे असमान पडतात. पिरॅमिडखाली ठेवलेल्या ब्लेडला आपोआप धार येते, असाही एक दावा आहे. तो खोटा आहे. पोलाद खरवडले गेल्याशिवाय धार येत नाही.

भट्टीत भाजलेला सच्छिद्र दगड बुडबुडे थांबेपर्यंत, दहाएक मिनिटे, पाण्यात ठेवावा. मॅग्नेशियाच्या सिमेंटने बांधलेला मात्र कधीच भिजत ठेवू नये. पाण्याने बंध विरघळतो, पृष्ठभाग भुसभुशीत होतो आणि वाळताना तडे जातात. त्यावर नुसते पाणी शिंपडावे; रेझिनच्या दगडालाही हेच लागू. तेल यांतल्या कशालाच नको, छिद्रे बुजतात. नाशिकच्या एप्रिल-मेच्या उन्हात दगड वाळवणे तर घातकच: बाहेरचा थर आकसतो, आत ओल राहते आणि दगड उकलतो. सावलीत, कडेवर उभा करून एक-दोन दिवस ठेवावा.

वापराने दगड मधोमध खोलगट होतो. पेन्सिलीने सेंटीमीटरभर अंतराच्या रेघा मारा आणि जाड काचेवर पी-२२० चा ओला पॉलिश पेपर ठेवून त्या पुसेपर्यंत घासा. नंतर दगड खळखळून धुवा; ६८ मायक्रॉनचा एक कण राहिला तरी धारेवर खोल ओरखडा पडेल. दगडाच्या कडा २ मिलिमीटर तिरप्या करा, नाहीतर टवके उडतात. दोन दगड एकमेकांवर घासून सपाटी मिळेलच असे नाही. एक फुगीर, दुसरा खोलगट होऊनही ते नेमके जुळतात. तिसरा दगड आलटून पालटून लावला तरच ही चूक उघडी पडते.

पाते ४५ मिलिमीटर रुंद असेल तर पाठ १२ मिलिमीटर उचला, कोन १५ अंशांचा होतो. १००० वर एक बाजू घासताना दुसऱ्या बाजूला अंगठ्याला खरखर लागली की बर, म्हणजे धारेवरून पलीकडे वळलेली पोलादाची पातळ कड, आली. मग बाजू बदला. ३००० वर ती बर काढताना हात हलका ठेवा, वजनकाट्यावर २०० ते ३०० ग्रॅम दिसेल इतकाच, आणि दर फेरीला बाजू बदला. जोर दिला तर बर तुटत नाही, नुसती पलीकडे वळते. सुरी पहिल्या दिवशी सुंदर चालते आणि दुसऱ्या दिवशी बोथट वाटते.