रानात सावकाश फिरा : सहकुटुंब सहलीला निघण्यापूर्वी

गावाकडची सहल आमच्याकडे नोंदवलीत, मनापासून आभार. गाडी, मुक्काम आणि वेळा यांचा कागद वेगळा दिला आहे. हे पत्रक तिथली हिरवाई घरातल्या सगळ्यांना पोटभर अनुभवता यावी म्हणून.

आधी एक विनंती : एका दिवसात चार-चार ठिकाणं करू नका. पूर्वी आम्हीच तसे कार्यक्रम आखून द्यायचो. मंडळी दमून परतायची आणि मुलांना काय पाहिलं विचारलं, तर ती गाडीतल्याच गमती सांगायची. तेव्हापासून आम्ही सकाळ मोकळी ठेवतो. एक पायवाट किंवा एखादा ओढाकाठ दोन तासांना पुरून उरतो.

उजाडताच बाहेर पडा. गवतात खाली बसून एखादं पातं अगदी जवळून बघा. पात्यावर सगळीकडे बारीक कण असतील तर ते दव, हवेतल्या वाफेचं झालेलं. पण नेमका टोकाशीच एक टपोरा थेंब लोंबत असेल, तर तो बहुतेक वेळा झाडाच्या आतून आलेला असतो. रात्री पानांची रंध्रं मिटतात, वाफ बाहेर जायची जवळजवळ थांबते. मुळं मात्र ओल्या जमिनीतून पाणी घेतच राहतात. मग वाढलेल्या दाबाने पाणी पानाच्या टोकाच्या आणि कडेच्या सूक्ष्म छिद्रांतून बाहेर येतं. मोठ्या पानांच्या कडेला तर अशा थेंबांची माळच लागते. मुलांना हे आधी सांगू नका, थेंब कुठून आला असेल ते त्यांनाच विचारा. ऊन चढलं की थेंब वाळून जातात, म्हणून लवकर उठायचा आग्रह.

आजी-आजोबांना फार चालवत नसेल तर सावलीत बैठक मांडा. नातवंडांनी खाली पडलेली पानं गोळा करून त्यांच्यापुढे फिक्या रंगापासून गडद रंगापर्यंत ओळीने लावायची. पोपटी, शेवाळी, काळपट हिरवा असे किती हिरवे निघतात ते मोजा. बऱ्याच झाडांची कोवळी पालवी तांबूस असते, तिलाही ओळीत जागा द्या. झाडांची नावं आणि त्यांच्या आठवणी मग आपोआप निघतात. आमच्या मते सहलीतला सगळ्यात मोलाचा तास हाच.

हिरवं पाहिलं की चष्म्याचा नंबर उतरतो, असं बरेचजण आम्हाला सांगतात. तसं होत नाही. पण दूरवर नजर टाकली की जवळचं पाहून ताणलेले डोळ्यांचे स्नायू सैलावतात, आणि मुलं रोज भरपूर वेळ बाहेरच्या उजेडात राहिली तर लघुदृष्टी जडण्याचा धोका कमी होतो, हे अभ्यासांतून दिसलं आहे.

काळजीच्या गोष्टी थोड्याच. शेत कुणाचं तरी असतं. विचारल्याशिवाय आत शिरू नका, पिकातून चालू नका. पिकावर फवारणी झालेली असू शकते, म्हणून मुलांना पानं-फळं तोंडात घालू देऊ नका. पायात बंद बूट आणि अंगात पायघोळ कपडे असू द्या. परतल्यावर गुडघ्यामागे, कानामागे, काखेत गोचीड चिकटलेली नाही ना, ते पाहा. पावसाची सर आली तर जरूर भिजा. पण वीज चमकत असेल तर झाडाखाली न थांबता गाडीत येऊन बसा आणि काचा लावून घ्या.

संध्याकाळी परतायची घाई करू नका. दिवसाउजेडी पानांत उठून दिसणारं लाल फूल अंधारू लागलं की काळपट पडतं आणि भोवतीची पानं त्याच्यापेक्षा उजळ वाटू लागतात. मंद उजेडात आपल्या डोळ्यांना लाल रंग कमी जाणवतो आणि निळ्या-हिरव्याकडे त्यांचा कल वाढतो, म्हणून हे घडतं. पुर्किन्ये या शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकात हे टिपून ठेवलं. बघायला काही लागत नाही, फक्त एक फूल सकाळीच हेरून ठेवा आणि सूर्य मावळल्यावर त्याच्यापाशी अर्धा तास बसा. निघायच्या वेळेत हा अर्धा तास आम्ही धरलेला आहे. चालकाला तेवढं आधी सांगून ठेवा.